मॉरिस नावाचा गृहस्थ आणि त्याच्या मोटारी

आपल्या क्रिओल बोलीत ‘मोरिस’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी येतात. एक आपले हे बेट, आणि दुसरी ती गोल पाठीची छोटी मोटार, जी आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने रस्त्यारस्त्यावर पाहिली. बेटाला नाव दिले डच खलाशांनी १५९८ साली, आपल्या राजपुत्राच्या नावावरून. मोटारीला नाव मिळाले ते ऑक्सफर्ड गावातल्या एका सायकल दुरुस्त करणाऱ्या पोरावरून. दोन्ही नावांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण आपल्या कानाला ती सारखीच लागतात.

मात्र नुसते मॉरिस म्हटल्याने मोटार ओळखू येत नाही. मॉरिस मायनर म्हटले तरी येत नाही, कारण मायनर नावाच्या दोन अगदी निराळ्या मोटारी होऊन गेल्या आणि दोहोंमध्ये जवळजवळ वीस वर्षांचे अंतर आहे. मॉरिस ऑक्सफर्ड या नावाखाली तर १९१३ ते १९७१ या काळात आठ-दहा प्रकारच्या गाड्या निघाल्या. जुन्या गाड्या जतन करणारे हौशी लोक यावरून तासन् तास वाद घालतात. यात पैशाचाही प्रश्न असतो, कारण एखादा गृहस्थ मोठी रक्कम मोजून गाडी घेतो आणि नंतर त्याला कळते की नाव एकाचे, अंग दुसऱ्याचे आणि इंजिन तिसऱ्याचे. हा घोळ कसा झाला हे समजून घ्यायचे असेल तर ज्याने आपले आडनाव या मोटारींना दिले त्या माणसाच्या आयुष्यातच डोकवावे लागते.

विल्यम रिचर्ड मॉरिस यांचा जन्म १० ऑक्टोबर १८७७ रोजी इंग्लंडमधील वूस्टर या गावी झाला. मूळ घराणे ऑक्सफर्डच्या बाजूचे. विल्यम लहान असतानाच कुटुंब तिकडे परतले. मुलाच्या मनात शल्यचिकित्सक व्हायचे होते असे सांगतात, पण वडिलांच्या प्रकृतीने आणि घरच्या परिस्थितीने साथ दिली नाही. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि हा पोरगा एका सायकलवाल्याकडे उमेदवारी करू लागला. काही महिन्यांनी त्याने पगारवाढ मागितली. मालकाने नकार दिला. तेव्हा १८९३ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, ४ पौंडांच्या भांडवलावर त्याने आपल्या राहत्या घरामागच्या शेडमध्ये स्वतःचा धंदा थाटला. पहिली सायकल बांधली ती गावातल्या एका धिप्पाड पाद्रीसाठी, आणि तिचा सांगाडा त्यांच्या देहाला शोभेल असा २७ इंचांचा होता. आपण बांधलेल्या सायकलींवर बसून मॉरिस शर्यतीही जिंकत, त्यामुळे जाहिरातीचा खर्च वाचे.

सायकलीनंतर मोटारसायकल, मोटारसायकलीनंतर मोटार. मध्यंतरी भागीदारीत एक दुकान काढले होते ते बुडाले आणि १९०४ साली मॉरिस यांच्यावर स्वतःचीच हत्यारे लिलावात बोली लावून परत घेण्याची पाळी आली. त्याच वर्षी त्यांचे एलिझाबेथ ॲन्स्टी या युवतीशी लग्न झाले. या प्रसंगानंतर भागीदार हा शब्द त्यांना मानवला नाही. पुढे एवढा पसारा वाढला, तरी शेवटचा शब्द आपलाच राहिला पाहिजे हा त्यांचा हट्ट कायम होता. माझ्या मते त्यांच्या मोटारींच्या नावांत जो गोंधळ दिसतो त्याचे एक मूळ या हट्टात आहे.

ऑक्सफर्डच्या लाँगवॉल स्ट्रीटवर त्यांचे गॅरेज होते. तिथे ते इतरांनी बनविलेल्या मोटारी विकत आणि दुरुस्त करीत. दुरुस्ती करता करता कोणत्या गाडीचा कोणता भाग मोडतो हे त्यांना पाठ झाले. मग त्यांनी ठरविले की सगळे भाग आपण बनवायचे नाहीत. इंजिन एकाकडून, आस दुसऱ्याकडून, चाके तिसऱ्याकडून घ्यायची आणि आपण फक्त जोडणी करायची. १९१२ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात त्यांच्याकडे दाखवायला गाडीही तयार नव्हती. नुसते आराखडे दाखवून त्यांनी लंडनच्या एका विक्रेत्याकडून ४०० गाड्यांची मागणी मिळविली. १९१३ मध्ये ती गाडी बाहेर पडली. गावाच्या नावावरून तिचे नाव मॉरिस ऑक्सफर्ड. कारखाना काउली या उपनगरातील एका जुन्या इमारतीत थाटला होता, आणि त्याच इमारतीत पूर्वी शाळा असताना मॉरिस यांचे वडील शिकले होते.

१९१५ मध्ये दुसरी गाडी आली, तिचे नाव मॉरिस काउली. हिच्यासाठी इंजिन अमेरिकेतून मागविले, कारण ते स्वस्त पडत होते. या दोन्ही गाड्यांच्या नाकाशी पितळी किंवा निकेलचा मुलामा दिलेला गोलसर रेडिएटर असे. त्यावरून लोक तिला बुलनोज म्हणू लागले, म्हणजे बैलाच्या नाकाची. हे नाव कारखान्याने दिलेले नाही, लोकांनी दिलेले आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ऑक्सफर्ड आणि काउली यांत फरक काय, असे विचाराल तर बराच काळ फरक फक्त शृंगाराचा होता. सांगाडा तोच, इंजिनही तेच. ऑक्सफर्डला चामड्याची बैठक आणि चांगले दिवे, काउली साधी. १९२३ पासून ऑक्सफर्डला मोठे इंजिन मिळू लागले, तेव्हा जाहिरातीत काउलीपुढे ११.९ आणि ऑक्सफर्डपुढे १३.९ असे आकडे आले.

हे आकडे कसले हे थोडे सांगितले पाहिजे, कारण जुन्या इंग्रजी मोटारी ओळखण्याची किल्ली त्यात आहे. १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर अश्वशक्तीमागे एक पौंड असा वार्षिक कर लागला. पण ही अश्वशक्ती इंजिनाची खरी ताकद नव्हे. सिलिंडरचा व्यास इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि अडीचने भागायचे, झाली अश्वशक्ती. सहाव्या इयत्तेतले मूलही हे गणित सोडवील. पुढे आलेल्या मॉरिस एटचे उदाहरण घ्या. व्यास ५७ मिलिमीटर म्हणजे सुमारे २.२४ इंच, त्याचा वर्ग सुमारे ५, गुणिले ४ म्हणजे २०, भागिले अडीच म्हणजे ८. म्हणून ती मॉरिस एट. प्रत्यक्षात तिचे इंजिन याहून बरीच जास्त ताकद देई. दट्ट्या किती लांब धावतो याचा या सूत्रात विचारच नसल्यामुळे इंग्रज कारखानदारांनी बारीक सिलिंडर आणि लांब धाव असलेली इंजिने बनविली. एट, टेन, ट्वेल्व्ह, फोर्टीन ही नावे त्या कराच्या पावतीवरून पडलेली आहेत.

१९२१ साली मंदी आली. कारखान्याच्या आवारात न विकलेल्या गाड्यांची रांग लागली. सगळे कारखानदार भाव टिकवून बसले असताना मॉरिस यांनी भाव उतरविले. चार माणसांच्या काउलीची किंमत ५२५ पौंडांवरून एकदम ४२५ वर आली, आणि त्याच वर्षी पुन्हा उतरली. माणसे म्हणाली की हा आता बुडणार. झाले उलटेच. त्या वर्षी तीन हजारांच्या आसपास गाड्या करणारा कारखाना १९२५ मध्ये पन्नास हजारांच्या वर गाड्या करू लागला आणि ब्रिटनमधील पहिल्या क्रमांकाचा झाला. इंजिने, रेडिएटर, सांगाड्याचे पत्रे पुरविणारे कारखाने मॉरिस एकामागून एक विकत घेत गेले. १९२६ मध्ये बैलाचे नाक गेले आणि चपटा रेडिएटर आला. म्हणून त्यानंतरच्या काउलीला आणि ऑक्सफर्डला हौशी लोक फ्लॅटनोज म्हणतात. नावे तीच राहिली, नाक बदलले.

याच सुमारास एक निराळेच नाव जन्माला आले. मॉरिस यांच्या जुन्या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर हे मॉरिसच्याच सांगाड्यांवर देखण्या, चपळ गाड्या बांधून विकू लागले. मॉरिस गॅरेजेस या शब्दांची आद्याक्षरे एम आणि जी. ती अष्टकोनी चौकटीत बसविली, आणि एमजी तयार झाली. १९२९ ची एमजी मिजेट ही मूळची मॉरिस मायनरच होती, अंगावरचा कपडा तेवढा वेगळा. किंबर यांना १९४१ मध्ये कंपनीतून बाहेर काढण्यात आले आणि १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अष्टकोनाचा प्रवास मात्र थांबला नाही. आज तो चिनी मालकीखाली आहे, आणि गुजरातमधील हालोलच्या कारखान्यातून निघणाऱ्या विजेच्या गाड्यांवरही तो झळकतो. त्या गाड्या चालविणाऱ्यांपैकी किती जणांना ही अक्षरे ऑक्सफर्डच्या एका गॅरेजची आहेत हे ठाऊक असेल?

१९२७ मध्ये वूल्सली ही जुनी नामांकित कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिच्यासाठी मॉरिस आणि त्यांचे प्रतिस्पर्धी हर्बर्ट ऑस्टिन यांच्यात बोली लागली. ऑस्टिन हे एके काळी त्याच वूल्सलीचे कर्तेधर्ते होते, त्यामुळे त्यांच्यासाठी तो जिव्हाळ्याचा प्रश्न होता. पण ७,३०,००० पौंड मोजून मॉरिस यांनी ती घेतली. तिच्याबरोबर एक छोटे, चांगले इंजिन हाती आले. ते बसवून १९२८ मध्ये ऑस्टिनच्या लोकप्रिय सेव्हनला उत्तर म्हणून पहिली मॉरिस मायनर निघाली. ८४७ सी.सी.ची, उभट, चौकोनी, तारांच्या चाकांची गाडी. १९३१ मध्ये साधे इंजिन घालून ती बरोबर १०० पौंडांना विकायला काढली. आपल्याला माहीत असलेल्या मायनरशी हिचे नावापलीकडे काही नाते नाही. ही १९३४ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी मॉरिस एट आली.

एटपासून गोंधळाचा नवा अध्याय सुरू होतो. १९३३ मध्ये कारखान्याची सूत्रे लेनर्ड लॉर्ड या कर्तबगार पण तिखट माणसाकडे आली होती. त्या काळी दर वर्षी नवे मॉडेल काढण्याची रूढी होती आणि त्यामुळे मागील वर्षीची गाडी घेणारा उगीचच जुना ठरे. १९३५ मध्ये मॉरिस कंपनीने ती रूढी मोडली. यापुढे गाडीला वर्ष नाही, सीरीज असेल, बदल होईल तेव्हाच आकडा बदलेल, असे ठरले. विचार शहाणपणाचा होता. पण त्याची अंमलबजावणी पाहा. एटची सीरीज एक झाली, दोन झाली, आणि तीन यायच्या जागी एकदम सीरीज ई आली. युद्धानंतर मायनरची पहिली सीरीज एमएम, तिच्यानंतरची सीरीज दोन. ऑक्सफर्डची एमओ, तिच्यानंतर पुन्हा सीरीज दोन. म्हणजे मॉरिस सीरीज दोन म्हटले तर १९३८ ची एट, १९५२ ची मायनर आणि १९५४ ची ऑक्सफर्ड या तिन्ही गाड्या हात वर करतील. वर्गात एकाच नावाची तीन मुले असली की मास्तरांची जी गत होते तीच इथे खरेदीदाराची होते.

लेनर्ड लॉर्ड यांचे मालकाशी बिनसले आणि ते १९३६ मध्ये बाहेर पडले. दोन वर्षांनी ते ऑस्टिनकडे गेले. हे नाव लक्षात ठेवावे, ते परत येणार आहे.

आता मॉरिस यांचे स्वतःचेच नाव बदलले. १९३४ मध्ये ते उमराव झाले आणि आपण राहत होतो त्या नफील्ड या खेड्याचे नाव त्यांनी पदवीसाठी घेतले. लॉर्ड नफील्ड यांना मूलबाळ नव्हते. हजारो माणसे त्यांचे आडनाव रस्त्यावर फिरवीत होती, आणि घरात ते पुढे चालविणारे कोणी नव्हते. त्यांनी जो अफाट दानधर्म केला त्याचा याच्याशी संबंध असावा असे मला वाटते. आयुष्यभरात सुमारे तीन कोटी पौंड त्यांनी दिले. ऑक्सफर्डच्या वैद्यकीय अध्यासनांसाठी २० लाख दिले तेव्हा भूलशास्त्राचे अध्यासन असलेच पाहिजे, हा आग्रह त्यांनी विद्वानांचे न ऐकता धरला आणि तो खरा ठरला. १९३७ मध्ये नफील्ड कॉलेजसाठी देणगी दिली. त्यांच्या मनात इंजिनिअरिंगचे कॉलेज होते, विद्यापीठाने ते समाजशास्त्रांचे केले, आणि त्याची रुखरुख त्यांना बरीच वर्षे राहिली.

पोलिओने श्वास बंद पडलेल्या रोग्यांसाठी लोहफुप्फुस नावाचे पेटीसारखे यंत्र असते. त्याची एका ऑस्ट्रेलियन संशोधकाने काढलेली स्वस्त आवृत्ती लॉर्ड नफील्ड यांनी काउलीच्या कारखान्यात बनवून घेतली आणि साम्राज्यातील जे रुग्णालय मागेल त्याला फुकट देऊ केली. अशी १,७०० च्या वर यंत्रे गेली. आपल्या बेटाशीही त्यांच्या दानाचा एक धागा जुळतो. १९४५ मध्ये जानेवारीतल्या चक्रीवादळानंतर मॉरिशसमध्ये पोलिओची मोठी साथ आली, शेकडो मुले अधू झाली. त्या वेळी सल्ला द्यायला ऑक्सफर्डहून हर्बर्ट सेडन हे अस्थिशल्यतज्ज्ञ येथे आले. ज्या अध्यासनावर ते होते ते नफील्ड अध्यासन. पुढे १९४३ मध्ये स्थापिलेल्या नफील्ड फाउंडेशनने १९६२ पासून शाळांतील विज्ञान शिकविण्याची पद्धत बदलण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला. मुलाने आधी प्रयोग करावा आणि मग नियमाकडे यावे हा त्याचा गाभा. आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणात नफील्ड हा शब्द या अर्थाने येतो, मोटारीच्या अर्थाने नव्हे.

त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर नाही. १९३१ च्या सुमारास ऑस्वल्ड मोस्ली यांच्या नव्या पक्षाला त्यांनी ५०,००० पौंड दिले होते. हेच मोस्ली पुढे ब्रिटनमधील फॅसिस्टांचे नेते झाले. कामगारसंघटना त्यांना आपल्या कारखान्यात नको होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लढाऊ विमानांचा एक प्रचंड कारखाना उभारण्याचे काम त्यांच्याकडे दिले होते, ते रखडले आणि १९४० मध्ये काढून घेण्यात आले. उदार माणूस सर्वच बाबतीत शहाणा असतो असे नाही.

ज्या मोटारीने त्यांचे नाव आपल्या घराघरात नेले ती त्यांना मुळीच आवडली नव्हती, ही यातली सर्वांत गमतीची गोष्ट. ॲलेक इसिगोनिस या कल्पक अभियंत्याने युद्धकाळातच एका छोट्या गाडीचा नमुना तयार केला होता. तिचे कच्चे नाव मॉस्किटो, म्हणजे डास. लॉर्ड नफील्ड यांना तिचा आकारच खटकला. त्यांच्या मते युद्धापूर्वीची एट सीरीज ई उत्तम खपत होती, मग हे नवे सोंग कशाला? अखेर सहकाऱ्यांनी आग्रह धरला आणि ऑक्टोबर १९४८ च्या प्रदर्शनात ती आली. नाव मात्र डासाचे राहिले नाही, वीस वर्षांपूर्वीचे मायनर हे नाव कपाटातून काढून तिला दिले.

ही मायनर ओळखायची कशी? तिच्या बॉनेटकडे पाहा. मधोमध एक सपाट पट्टी पुढून मागे गेलेली दिसेल. नमुना तयार झाल्यावर इसिगोनिस यांना गाडी अरुंद वाटली. त्यांनी ती लांबीने मधोमध कापविली, दोन्ही भाग थोडेथोडे दूर सरकवीत डोळ्यांना बरे दिसेल असे अंतर धरले, ते भरले चार इंच. ती पट्टी म्हणजे ते चार इंच. बंपर तर आधीच अरुंद मापाने बनून पडले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मधोमध कापून जोड दिलेले आढळतात. असा जोड दिसला तर तुमच्यासमोर अगदी आरंभीची गाडी उभी आहे.

त्यानंतर दिवे. पहिल्या सीरीज एमएममध्ये पुढचे दिवे खाली, जाळीच्या दोन बाजूंना बसविलेले होते. अमेरिकेच्या नियमांना ते चालेनात म्हणून ते उचलून मडगार्डमध्ये नेले. १९५० मध्ये चार दारांची गाडी आली ती वरच्या दिव्यांसहच, आणि १९५१ पासून सगळ्याच तशा झाल्या. पण दिवे वर गेले म्हणजे सीरीज दोन झाली असे समजू नये. १९५२ मध्ये बॉनेटखालचे जुने ९१८ सी.सी. इंजिन जाऊन ऑस्टिनचे ८०३ सी.सी. इंजिन येऊ लागले, ती सीरीज दोन. बाहेरून पाहणाऱ्याला दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. १९५३ मध्ये मागे ॲशच्या लाकडाची चौकट असलेली ट्रॅव्हलर आली. १९५४ मध्ये पुढची जाळी बदलून आडव्या पट्ट्या आल्या. १९५६ मध्ये दोन तुकड्यांची काच जाऊन एकसंध वळलेली काच आली, मागची काच मोठी झाली, इंजिन ९४८ सी.सी. झाले आणि नावापुढे १००० हा आकडा लागला. खांबातून टपकन बाहेर येणारा तो पेटता हात १९६१ पर्यंत होता, त्यानंतर उघडझाप करणारे दिवे. १९६२ मध्ये इंजिन १०९८ सी.सी.चे झाले, तरी नाव १००० च राहिले. आणि फिकट जांभळ्या रंगाची, पांढऱ्या बैठकीची, बॉनेटच्या कडेला १००० ऐवजी १०,००,००० लिहिलेली मायनर दिसली तर ती चेष्टा समजू नका. दहा लाख गाड्या पुऱ्या झाल्याच्या स्मरणार्थ तशा साडेतीनशे गाड्या केल्या होत्या.

काच, जाळी, दिवे, बिल्ला ही सगळी बदलता येणारी अंगे आहेत. उघड्या छपराच्या मायनरला भाव जास्त, म्हणून कित्येक साध्या दोन दारांच्या गाड्यांची छपरे करवतीने कापून त्यांना कापडी टप बसविलेले आढळतात. तेव्हा दिसण्यावर जाऊ नये, बॉनेटखालची पाटी वाचावी. १९५० च्या दशकातील मायनरच्या क्रमांकाआधी अक्षरे असतात. पहिले अक्षर एफ म्हणजे मायनर. दुसरे ए असेल तर चार दारे, बी असेल तर दोन, सी असेल तर मूळचीच उघड्या छपराची, एल असेल तर ट्रॅव्हलर. पाटीवर बी आणि डोक्यावर टप असेल, तर विकणाऱ्याला शांतपणे विचारावे. पाटीही खोटी वाटली तर इंग्लंडमधील गेडनच्या मोटार संग्रहालयात कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत, त्यावरून गाडी कशी बाहेर पडली होती याचा दाखला मिळतो.

मला यात आपल्या लोकांची आठवण होते. आपले पूर्वज कोकणातून, देशावरून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा कारकुनाने कानाला लागले तसे नाव लिहिले. बापाचे पाळण्यातले नाव नातवाचे आडनाव झाले, एकाच घरातल्या भावांची आडनावे निराळी झाली. आज कोणाला आपले मूळ गाव शोधायचे असेल तर आडनाव कामाला येत नाही. मोक्याला महात्मा गांधी संस्थेत जाऊन तो आगमन क्रमांक काढावा लागतो.

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन एक झाले आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन जन्मली. लॉर्ड नफील्ड नावाला अध्यक्ष झाले आणि वर्ष संपायच्या आत बाजूला झाले. खरा कारभार आला तो लेनर्ड लॉर्ड यांच्याकडे. यानंतर नावे म्हणजे नुसते बिल्ले उरले. १९५९ पर्यंत एकाच सांगाड्याच्या पाच गाड्या निघाल्या. त्यांची नावे ऑस्टिन केंब्रिज, मॉरिस ऑक्सफर्ड, वूल्सली, रायली आणि एमजी मॅग्नेट. त्याच वर्षी इसिगोनिस यांची ती चिमुकली मिनी आली, तीही दोन नावांनी. जाळीच्या पट्ट्या नागमोडी असतील तर ती ऑस्टिन सेव्हन, सरळ उभ्याआडव्या असतील तर मॉरिस मिनी-मायनर. यांत फक्त वूल्सली अंधारातही ओळखता येई, कारण तिच्या जाळीवरचा बिल्ला आतल्या दिव्याने उजळत असे.

भारतात तर मॉरिसने नावच टाकले. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने आपली मायनर बेबी हिंदुस्थान म्हणून विकली, ऑक्सफर्ड सीरीज दोन लँडमास्टर झाली आणि सीरीज तीन झाली ॲम्बॅसडर. इंग्लंडमध्ये जिचे आयुष्य तीन वर्षांचे होते ती गाडी भारतात २०१४ पर्यंत निघत राहिली. मुंबईत मंत्रालयाच्या आवारात लाल दिवा लावून उभ्या राहणाऱ्या त्या पांढऱ्या गाड्यांना कोणी मॉरिस म्हणाले नाही.

लेडी नफील्ड १९५९ मध्ये वारल्या. लॉर्ड नफील्ड २२ ऑगस्ट १९६३ रोजी नफील्ड येथील राहत्या घरी वारले. वारस नसल्याने पदवी त्यांच्याबरोबर संपली, घर नफील्ड कॉलेजला गेले. मॉरिस नावाची शेवटची मोटार, आयटल, १९८४ मध्ये बंद झाली. काउलीला आता जर्मन मालकीची मिनी बनते.

ते घर आता लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. एवढ्या धनवंताचे म्हणून कोणी भव्य वाडा पाहायला जाईल तर त्याची निराशा होईल. निजायच्या खोलीतल्या कपाटात कपडे नव्हेत, पकडी, कानशी, हातोड्या आहेत. झोप येत नसे तेव्हा म्हातारा तिथे काहीतरी दुरुस्त करीत बसे. आणि स्वतःसाठी त्यांनी अनेक वर्षे जी गाडी वापरली ती मॉरिस नव्हती. ती होती वूल्सली एट, म्हणजे सांगाडा आणि अंग मॉरिस एट सीरीज ई चे, इंजिनही त्याच मापाचे, फक्त वरचे टोक वेगळे, नाक वूल्सलीचे, आणि रात्री उजळणारा तो बिल्ला.